तो फोन आपणच केला होता, हे तिला सांगा

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात)

मी सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या महिला समुपदेशन केंद्रात काम करते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावरची ही माझी पहिलीच नोकरी. पाटण तालुक्यातल्या एक ताई आमच्याकडे येत होत्या. नवरा मुंबईला माथाडी कामगार, ताई दोन मुलांना घेऊन सासरी. सासू आणि दीर यांचा त्रास, मारहाणही. घरात फोन एकच, तो सासूजवळ असतो. 'फोन करू नका, बाजाराच्या दिवशी मीच येते,' असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. वकीलबाईंची वेळ बदलली म्हणून मी घाईत फोन लावला आणि म्हणाले, 'सुमनताई आहेत का? समुपदेशन केंद्रातून बोलतेय. वकीलबाई गुरुवारऐवजी शुक्रवारी येणार आहेत.' पलीकडून 'बरं, सांगते' असं उत्तर आलं. तो आवाज सासूचा होता.

त्या रात्री त्यांना मारहाण झाली. धाकट्या मुलीसह घराबाहेर काढलं. आता त्या शिराळा तालुक्यात माहेरी आहेत (सहा वर्षांचा मुलगा सासरीच आहे). सासूने फोनचं नाव काढलं नाही, फक्त 'आम्हाला सगळं कळलंय' एवढंच म्हणाली. त्यामुळे ताईंना वाटतं, जावेनेच चुगली केली, कारण त्यांना पहिल्यांदा केंद्रात घेऊन आली होती ती जाऊच. भावाच्या फोनवरून त्या माझ्याशी बोलतात आणि माझे आभार मानतात! मी आमच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'झालं ते झालं. आता सांगून काय मिळणार? फाइलमध्ये लाभार्थी संपर्कात नाही असं लिही. निधी देणाऱ्यांची भेट तोंडावर आहे.' मी तसं लिहिलं. ताईंच्या भावाला मी माझ्या पगारातून पाच हजार रुपये पाठवलेत. या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी या कामाच्या लायकीची नाही असं वाटतं. राजीनामा देऊ का? आणि त्यांना खरं सांगितलं, तर आहे तो विश्वासही उडेल ना?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी एक सांगते, रागवू नका. पत्रात तुम्ही त्या ताईंचं खरं नाव, गाव, मुलाच्या शाळेचं नाव, सगळं लिहिलं होतं. मी तुम्हाला अनोळखी आहे. मन भरून आलेलं असताना भान राहत नाही, हे मी समजू शकते. पण सल्ला मागायला प्रसंग पुरतो, माणसाची ओळख लागत नाही. इथे मी त्यांना सुमनताई म्हणते आहे, तालुके बदलले आहेत आणि तुमचा मूळ ईमेल पुसून टाकला आहे.

तुमच्या पत्राची दोन पानं अपराधीपणाने भरली आहेत. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आई विचारते तर तिला सांगता येत नाही. हे सगळं खरं आहे आणि ते वाचून मला वाईट वाटलं. पण सहा वर्षांचा मुलगा सासरी राहिलाय, ही गोष्ट तुम्ही कंसात, एका ओळीत लिहिलीत. मला ती ओळ सगळ्यात मोठी वाटली. चूक झाली की आपली सगळी नजर स्वतःकडे वळते, मी कशी, माझं काय, माझी लायकी काय. त्या गडबडीत जिचं नुकसान झालं ती बाई कडेला पडते. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. राजीनामा देऊ का, हे नंतर बघू. आज सुमनताईंना काय हवंय, आणि ते मिळण्यात आपल्या गप्प राहण्याची आडकाठी होतेय का?

मुलापासून सुरू करू. 'केस पाटणलाच करावी लागेल आणि तिथे जायची ताईंची हिंमत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. हे तसं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५चा कायदा आहे, त्याच्या कलम २७प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. म्हणजे माहेर शिराळ्याला असेल, तर अर्ज शिराळ्यात होतो. त्याच अर्जात कलम २१खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि कलम २३खाली अंतरिम (अंतिम निकालाआधीचा) आदेश, गरज असेल तर समोरच्यांचं म्हणणं ऐकण्याआधीसुद्धा. पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत द्यावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल, म्हणून तर अर्ज लवकर जायला हवा. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेचा अहवाल नोंदवून घेता येतो. यातलं काय करायचं, काय नाही, हे सुमनताई ठरवतील. त्यांना परत नांदायला जायचं असेल, तर तेही त्याच ठरवतील. पण हे रस्ते आहेत, हे तरी त्यांना कळायला हवं. तीन आठवड्यांत ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. अपराधीपणाने तुमचं तोंड बांधून टाकलंय.

आता खरं सांगण्याबद्दल. सांगा. माझ्या मनात याबद्दल जराही शंका नाही.

सांगितलं तर विश्वास उडेल, असं तुम्हाला वाटतं. पण आज सुमनताईंचा तुमच्यावर जो विश्वास आहे, तो त्यांना अर्धीच गोष्ट माहीत असल्यामुळे आहे. त्या आभार मानतात तेव्हा तुमच्या पोटात कालवतं ते त्यामुळेच. आणि तुमच्या गप्प राहण्याची किंमत तुम्हा दोघींशिवाय आणखी एक जण भरतेय. ती जाऊ. त्या घरात सुमनताईंच्या बाजूची एकच बाई होती. तिने धीर करून त्यांना केंद्रापर्यंत आणलं. आज सुमनताई तिलाच दोष देतायत, तिच्याशी बोलणं बंद आहे. आणि तो सहा वर्षांचा मुलगा आत्ता कुणाजवळ झोपत असेल? कोण त्याला डबा देत असेल? तुमच्या पत्रावरून तरी मला वाटतं, तीच. उद्या कोर्टात साक्षीला कुणी उभं राहिलं तर तीच राहील. तुमचं सत्य दाबून ठेवून आपण सुमनताईंचा तो एकच धागा तोडतोय. 'सांगून काय मिळणार?' असं मॅडम विचारतात ना? सुमनताईंना जाऊ परत मिळेल. हे थोडं नाही.

दुसरं असं की त्या फोनची माहिती सुमनताईंच्या सुरक्षिततेची माहिती आहे. सासरच्यांना नेमकं काय कळलंय? फक्त केंद्र कळलंय की वकीलही? त्यांना तारीख माहीत आहे का? पुढचं पाऊल टाकताना हे ठाऊक असणं त्यांचा हक्क आहे. आपली चूक कबूल करणं ही आपल्या मनाची शांती असेल नसेल, त्यांच्या हाती मात्र ती निर्णयाला लागणारी माहिती आहे. ती आपण अडवून ठेवू शकत नाही.

कसं सांगायचं, यावर मात्र नीट विचार करा. फोनवर नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भावाच्या फोनवरही नाही. भेटायला येऊ का आणि कुठे, एवढंच विचारा. माहेरच्या घरात सगळ्यांदेखत त्यांना बोलायचं नसेल. कदाचित वडिलांना मारहाणीचं पूर्ण माहीतही नसेल. जागा त्यांना निवडू द्या. बरोबर एखादी जाणती सहकारी घ्या, म्हणजे तुम्ही गेल्यावरही त्यांच्याशी बोलणारं कुणी राहील.

बोलताना गोलगोल नको. 'संपर्कात काही त्रुटी राहिली' हे अहवालातलं वाक्य झालं. साधं बोला: 'ताई, त्या दिवशी घरी फोन मी केला होता. तुम्ही नको म्हणाला होता तरी केला. फोन सासूबाईंनी उचलला, मी ओळखलं नाही आणि केंद्राचं आणि वकिलांचं नाव घेतलं. जाऊबाईंनी काही सांगितलेलं नाही. चूक माझी आहे. हे मी तुम्हाला त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही.' इथे थांबा. 'पण घाईत होते', 'पण कामाचा ताण होता', 'पण मॅडम म्हणाल्या', यातलं काही जोडू नका. कारणं खरी असतील. ती केंद्राच्या बैठकीत मांडा, तिथे त्यांचा उपयोग आहे.

मग त्या काय म्हणतील? रडतील, चिडतील, कदाचित गप्प बसतील. कदाचित म्हणतील, 'जाऊ द्या हो मॅडम, माझं नशीबच तसं.' या शेवटच्या उत्तरापासून जास्त सावध राहा. आपल्याकडच्या बायका दुसऱ्याला अवघड वाटू नये म्हणून स्वतःचा राग गिळतात. मोठ्या शाळेत शिकलेल्या, केंद्रातल्या 'मॅडम'समोर तर नक्कीच. ते माफ केलं असं समजू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पण तुमचे डोळे पुसायचं काम त्यांच्यावर पडता कामा नये. माफी मागा, माफ करा असं मात्र म्हणू नका, कारण मग उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. आणि एक प्रश्न जरूर विचारा: 'पुढचं काम माझ्याबरोबर करायचं की दुसऱ्या कुणाबरोबर?' त्यांनी दुसरी कार्यकर्ती मागितली, तर ती मिळवून देणं ही तुमची त्यांच्यासाठीची शेवटची आणि महत्त्वाची मदत असेल. तेव्हा दुखेल.

आता फाइल. मला तुमच्या पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी जास्त खटकली, हे स्पष्ट सांगते. घाईत लावलेला फोन आणि समजून उमजून लिहिलेली खोटी ओळ या एका तोलाच्या गोष्टी नाहीत. 'लाभार्थी संपर्कात नाही' हे खोटं आहे, सुमनताई आठवड्याला तुमच्याशी बोलतायत. शिवाय ही ओळ त्यांच्या विरोधात जाऊ शकते. उद्या केस उभी राहिली आणि केंद्राची नोंद मागवली गेली, तर समोरचा वकील विचारेल, एवढा त्रास होता तर बाईने केंद्रात येणं का सोडलं?

नोंद दुरुस्त करा, पण खाडाखोड करू नका, व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारा, ती वाचता येईल अशीच राहू द्या. बाजूला आजची तारीख आणि सही. खाली नवीन नोंद: फोन कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता केला, तुम्ही नेमकं काय बोललात, पलीकडून काय आलं, नंतर काय झालं हे तुम्हाला कुणाकडून कळलं, पर्यवेक्षकांना कधी सांगितलं आणि आधीची नोंद का चुकीची होती. आजची नोंद आजच्याच तारखेने. मागची तारीख टाकण्याचा मोह होईल, तो आवरा. आणि फाइलमध्ये स्वतःला शिव्याही घालू नका. जे घडलं तेवढंच.

तुमच्या मॅडमबद्दल. त्यांना मी खलनायिका ठरवणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी छोटी संस्था चालवणं, दर वर्षी निधीसाठी हात पसरणं, चार मुलींचे पगार वेळेवर काढणं काय असतं ते मी पाहिलंय. केंद्र बंद पडलं तर सुमनताईंसारख्या आणखी कितीजणी उघड्यावर येतील, असं त्यांच्या मनात असणार. पण त्यांनी दिलेला सल्ला चूक आहे आणि तो तुम्ही मोडायला हवा. लपवून नाही, त्यांना सांगून. तोंडी बोलणं एकदा झालंय, आता एक पानभर लेखी टिपण द्या: हे घडलं, ही नोंद मी दुरुस्त करते आहे, सुमनताईंना अमुक दिवशी भेटून सांगणार आहे, तुम्ही बरोबर आलात तर मला आणि त्यांनाही बरं वाटेल. शेवटचं वाक्य मनापासून लिहा. संस्थेची प्रमुख स्वतः आली तर सुमनताईंना कळेल की ही एका मुलीची नाही, केंद्राची माफी आहे. मॅडम नाहीच म्हणाल्या, तर विश्वस्तांपैकी कुणाकडे तरी जा. तेही त्यांना सांगूनच.

वकील चुकला तर बार कौन्सिल आहे, डॉक्टर चुकला तर मेडिकल कौन्सिल आहे. तुमच्यासारख्या केंद्रांत समाजकार्य करणाऱ्या सगळ्यांसाठी आपल्या देशात कायद्याने नेमलेली अशी एक परिषद नाही. नोंदणी रद्द होण्याची भीती नाही आणि बाईला तक्रार घेऊन जायला दारही नाही. म्हणून संस्थेच्या आतलं दार उघडं असणं फार गरजेचं आहे. तुमच्या केंद्राच्या भिंतीवर हेल्पलाइनचे नंबर असतील, १८१, ११२. 'आमच्या कामाबद्दल तक्रार असेल तर इथे सांगा' असा एखाद्या विश्वस्ताचा नंबर आहे का? बहुतेक केंद्रांत नसतो.

इथून पुढचं मी तुमच्याबरोबर इतरांसाठीही लिहिते. चूक तुमची आहे, पण ती इतकी सहज घडू शकली ही चूक केंद्राची आहे. तुम्ही लिहिलंय की पहिल्या भेटीच्या फॉर्मवर 'मोबाइल क्रमांक' असा एक रकाना आहे, बस. त्या रकान्यात सासूच्या हातातला नंबर लिहिला गेला आणि 'फोन करू नका' ही सूचना राहिली तुमच्या आठवणीत. घाईच्या दिवशी आठवण दगा देते, कागद देत नाही. त्या रकान्याशेजारीच हवं होतं: हा फोन कुणाजवळ असतो? कधी केलेला चालेल? की करायचाच नाही? दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं? ज्या बाईला फोन चालत नाही तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, नंबरच्या डोक्यावर तसं लिहा. फोन लावला तरी समोरची व्यक्ती तीच आहे हे कळेपर्यंत संस्थेचं नाव उच्चारायचं नाही. बाईशी आधीच ठरवलेली एक खूण ठेवा, तिलाच माहीत असलेला एखादा प्रश्न. ती पटली नाही तर 'राँग नंबर' म्हणून ठेवायचं आणि पुन्हा लावायचा नाही. स्मार्टफोन असेल तर आणखी जपा: तुम्ही एक शब्द न बोलताही ट्रूकॉलरवर केंद्राचं नाव झळकतं, आणि व्हॉट्सॲपचा मेसेज बंद स्क्रीनवरही दिसतो. आणि नुसता फोनच नाही. गावभेटीहून परतताना एसटीत दोघी कार्यकर्त्या केसबद्दल बोलतात, तेव्हा मागच्या सीटवर त्याच गावचं कुणीतरी बसलेलं असतं. पाटणसारख्या भागात 'नाव घेतलं नाही' म्हणून भागत नाही. नवरा माथाडी, दोन मुलं, दीर तापट, एवढ्यावर बाई ओळखू येते.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलींनी यासाठी फार लांब बघायला नको. सावित्रीबाई नायगावच्या, खंडाळा तालुक्यातल्या. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना सांगितलं होतं की इथे येऊन गुपचूप, सुरक्षित बाळंत व्हा. बातमी फुटणार नाही, हा भरवसा नसता तर त्या दारात कोण आलं असतं? सुमनताई बाजाराचं निमित्त काढून तुमच्याकडे यायच्या, त्याही याच भरवशावर.

पाच हजारांचं थोडक्यात. तुमची भावना चांगली आहे, पण हे पैसे कसले आहेत हे त्या घरात कुणालाच माहीत नाही. मदत? भरपाई? खरं कळल्यावर सुमनताईंना तुमच्यावर चिडायचं असेल, तर त्या पैशांचं ओझं मध्ये येईल. आता परत मागू नका. भेटाल तेव्हा स्पष्ट सांगा की ते मी वैयक्तिक दिले होते, परत करायचे नाहीत आणि त्यांच्या बदल्यात काही नको. यापुढे मदत लागली तर ती संस्थेच्या नावाने, पावतीने. तुमच्या खात्यातून नाही.

आणि राजीनामा. तुम्ही लायक आहात की नाही, हे त्या एका फोनवरून ठरत नाही. पुढच्या काही दिवसांत तुम्ही काय करता, त्यावरून तुमचं तुम्हालाच बरंचसं कळेल. आत्ता राजीनामा दिलात तर तुमची सुटका होईल, पण सुमनताईंची फाइल 'संपर्कात नाही' या ओळीवर बंद होईल आणि फोनची गोष्ट सांगणारं कुणी उरणार नाही. संस्थेने तुम्हाला पुन्हा खोटी नोंद करायला लावली, विश्वस्तांनीही तेच म्हटलं, तर जरूर सोडा, आणि का सोडताय ते राजीनाम्यात लिहा. पण जाण्याआधी सुमनताईंना सांगून, त्यांची संमती घेऊन, त्यांची केस दुसऱ्या विश्वासू हातात द्या. जिल्ह्याच्या सरकारी सखी केंद्रात (वन स्टॉप सेंटर) किंवा पोलिसांच्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात असा हात मिळू शकतो.

दरम्यान सुमनताईंच्या भावाचा फोन आला, तर सुमनताईंना कुठे भेटता येईल एवढंच विचारून घ्या, आणि भेटीला जाताना शिराळ्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून न्या. फोनचं सांगून झालं की लगेच मुलाचं बोलायला घ्या.